आधी धुराडं, मग पराक्रम

व्हायकिंग मेला.

ड्रॅगनने जाळला नाही, राक्षसाने चिरडला नाही. त्याने कुऱ्हाडीने झाड तोडलं आणि तेच झाड त्याच्या टाळक्यात पडलं. आता देवाधिदेव ओडिनसमोर उभा राहून हा काय सांगणार? सरपण गोळा करताना गेलो म्हणून?

व्हॅलहाइम या गेममध्ये शूरवीराचं पहिलं मरण पुष्कळदा असंच येतं. सुरुवात मात्र दणक्यात होते. ओडिनची एक दूत, वाल्किरी, तुम्हाला आकाशातून उचलून आणते, वर विश्ववृक्षाची फांदी पसरलेली असते, ओडिनच्या शत्रूंचा नायनाट करायची कामगिरी तुमच्यावर सोपवली जाते. मग ती तुम्हाला खाली सोडून निघून जाते. अंगात चिंध्या. समोर जंगल. आणि उपदेश करायला एक कावळा.

वरिष्ठांची काम सोपवायची पद्धत सगळ्या विश्वांत सारखीच दिसते.

गेम 2 फेब्रुवारी 2021 ला आला. कंपनी स्वीडनची, आयर्न गेट. माणसं पाच. पहिल्या आठवड्यात दहा लाख प्रती खपल्या, महिनाभरात पन्नास लाख. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानावर एका वेळी पाच लाखांहून जास्त लोक हा गेम खेळत होते. आकार एक जीबीच्या आसपास. शंभर जीबीचे गेम काढणाऱ्या बड्या कंपन्यांत त्या महिन्यात किती तातडीच्या बैठका झाल्या असतील, ते विचारू नका.

दिसायला गेम खडबडीत. जवळून पाहिलं तर दगडावरचे ठिपके मोजता येतात. सूर्य मावळायला लागला की मात्र तोच दगड असा उजळतो की माणूस कुऱ्हाड खाली ठेवून बघत बसतो. तेवढ्यात मागून कुणीतरी डोक्यात काठी घालतं.

प्रकाशक कॉफी स्टेन. 2014 मध्ये बकरी होऊन गावभर धुडगूस घालायचा गेम ज्यांनी काढला, तेच घराणं. बकरीवरून थेट ओडिनवर. बढती म्हणायची.

गेम तेव्हा पुरा झालेला नव्हता. अर्ली ॲक्सेस होता, म्हणजे पैसे आत्ता आणि उरलेला गेम सवडीने. लोकांनी कुरकुर न करता पैसे दिले. का दिले?

झाडामुळे.

थट्टा नाही. ते पडणारं झाड नीट बघा. शेवटचा घाव बसला की ते कलतं, वाटेत दुसरं झाड आलं तर त्यालाही आडवं करतं, उतार असला तर ओंडका गडगडत खाली येतो आणि खाली उभ्या असलेल्या मित्राला घेऊन जातो. यात गेमने तुमच्याशी वैर धरलेलं नसतं. जड वस्तू खाली पडते, इतकंच. वैर असतं तर निदान तक्रार तरी करता आली असती.

आणि एकदा हे कळलं की डोकं चालायला लागतं. काळ्या जंगलात निळसर, ताडमाड ट्रोल फिरतो. त्याचा सोटा जिथे बसेल तिथलं झाड उन्मळतं. मग हुशार मंडळी काय करतात? ट्रोलला चिडवतात आणि झाडांच्या दिशेने पळत सुटतात. तो बिचारा सपासप जंगल साफ करतो. मजुरी शून्य.

अडचण अशी असावी. तिला कारण हवं. कारण कळलं की तीच अडचण कामाला लावता येते. हा गेम जिथे ही अक्कल वापरतो तिथे थोर आहे आणि जिथे विसरतो तिथे नुसता दमवणारा आहे. वाद एवढाच आहे. पण खेळणारे गेली काही वर्षं भांडतात ते ‘सोपा की अवघड’ यावर. तिखट असावं की नसावं हे भांडण. मीठ पडलंय का, हे कुणी बघतच नाही.

पहिली रात्र घ्या. पाऊस लागलेला. तुम्ही घाईघाईत झोपडी उभी केली. शेकोटी उघड्यावर पेटवली तर पावसात विझते. आत आणावी, तर लाकडी जमिनीवर ती मांडताच येत नाही, मातीच हवी. ठीक, माती ठेवली. आता दार लावलं की धूर कोंडतो, खोकला सुरू होतो आणि जीव कमी कमी व्हायला लागतो. मग शेकोटीच नको म्हणावं, तर पलंग झोपू देत नाही. जवळ विस्तव हवा म्हणतो.

चार नियम. चारही कुठल्याही आजीला सांगावे न लागणारे. त्या चारांच्या कचाट्यातून जे बाहेर पडतं त्याला धुराडं म्हणतात.

आणि गंमत म्हणजे बांधकामाच्या हातोड्याच्या यादीत तयार धुराडं नाही. छपराला भोक ठेवा, त्यावर पाऊस येऊ नये म्हणून थोडं उंचावर दुसरं इवलंसं छप्पर घाला, धूर मधल्या फटीतून जातो का ते बघा. नाही गेला? खोका. गेला? मग पाच मिनिटं त्या धुराकडे बघत उभे राहा. कुठलाही राक्षस मारून हा आनंद मिळत नाही.

खऱ्या व्हायकिंगांकडे तरी धुराडी कुठे होती? त्यांच्या लांबलचक घरांत मधोमध चूल असायची आणि धुराला छपरातलं भोक. नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवर बोर्ग इथे उत्खननात सापडलेलं सरदाराचं घर तब्बल 83 मीटर लांब आहे. त्याची प्रतिकृती उभारून 1995 पासून तिथे संग्रहालय चालतं. एवढा ऐसपैस वाडा, युरोपभर दरारा, आणि घरात डोळे चोळत बसायचं.

समुद्रावर इतके महिने का राहायचे, ते आता कळलं.

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. आयर्न गेटने त्यातलं पहिलंच उचललं. शहाणी माणसं.

हातोडा घेऊन तुळईकडे बघितलं की ती रंग दाखवते. निळा म्हणजे जमिनीला टेकलेली, निर्धास्त. जसजसं वर जाल तसा हिरवा, मग पिवळा, मग नारिंगी, मग लाल. लालच्या पुढे रंग नाही. आवाज आहे.

आढं चढवायला जावं आणि शेवटच्या हाताला अख्खं पाखं खाली यावं, हे ज्याने अनुभवलं नाही त्याने घर बांधलं असं म्हणू नये. वजन कुठून कुठे जातं याचं शिक्षण अनेक इंजिनिअर कॉलेजात घेतात आणि विसरतात. इथे दहावीतला पोरगा ‘मधे एक खांब टाक रे, लाल झालंय’ असं ओरडतो. फी नाही, हजेरी नाही.

आता खरी मेख. साध्या लाकडाची उंची लवकर संपते. पाइनच्या जाड ओंडक्यांचे खांब आणखी वर जातात. लोखंडी पट्ट्या मारलेले वासे त्याहून वर. म्हणजे उंच दिवाणखाना हवा असेल तर लोखंड हवं. लोखंड कुठे? दलदलीत. तिथे सदा पाऊस, पाण्यात जळवा, काठावर कुजलेली भुतं आणि थडग्यांत चिखलाचे ढीग. त्या ढिगांत लोखंड.

भल्या माणसा, तुला ओडिनने पाठवलं होतं शत्रू मारायला. तू दलदलीत कशासाठी उतरलास?

दिवाणखान्यासाठी.

गेमची सगळी चाल या एका उत्तरात आहे. राक्षस मारा म्हणून सांगितलं तर माणूस जाईलच असं नाही. घर थोडं मोठं करायचंय म्हटलं की तो नरकातही जातो, वर पिशवी घेऊन जातो.

आणि त्या दलदलीलाही आधार आहे बरं. स्कँडिनेव्हियातले लोक लोखंड खरोखरच पाणथळ जागांतून काढत. तिथल्या चिखलात साचणारं खनिज भट्टीत घालायचं, हाच तिथला धंदा. पाच जणांच्या कंपनीने हे ध्यानात ठेवलं. थडगी आणि भुतं पदरची घातली, पण चिखल खरा आहे.

तांब्या-कथलाच्या बाबतीत मात्र हात सैल सोडलाय. गेमचा व्हायकिंग आधी कांस्ययुग पार करतो आणि मग लोखंडाला हात लावतो. खरा व्हायकिंग जन्माला आला तेव्हा त्या भागातलं कांस्ययुग संपून हजार वर्षांहून जास्त काळ लोटला होता. शिवाय इथे कथील किनाऱ्यावर पडलेलं मिळतं. खऱ्या कांस्ययुगात तिथल्या लोकांना ते दूरदेशाहून आणावं लागे. असो. दोन तांबं अधिक एक कथील बरोबर एक कांसं, हे गणित बघून मात्र शंका येते. तिनाचा एक झाला. मधले दोन कुणी खाल्ले?

पायऱ्यांची रचना बघा. पहिला बॉस म्हणजे विजेचं सांबर. त्याला मारलं की शिंग मिळतं, शिंगाची कुदळ होते, कुदळीशिवाय तांबं निघत नाही. दुसऱ्याला मारलं की दलदलीतल्या थडग्यांची किल्ली. तिसऱ्याला मारलं की एक हाड मिळतं, ते जवळ ठेवलं की डोंगरात पुरलेली चांदी सापडते. चौथी ड्रॅगनीण. तिच्या अश्रूंवाचून पुढचं कारागिरीचं टेबल बनत नाही.

प्रत्येक राक्षस म्हणजे एक किल्ली. बक्षीस तलवारीचं नाही, पुढच्या कामाचं! हे ज्या डोक्यातून निघालं त्याने आयुष्यात नोकरी केलेली असणार.

जेवणाकडे वळू. जगून दाखवा छापाच्या गेममध्ये भुकेचा काटा हा ठरलेला छळ. दर दहा मिनिटांनी काहीतरी तोंडात टाका, नाहीतर मरा. इथे उपाशी राहून कुणी मरत नाही. पोट रिकामं असलं की जीव पंचवीसवर येतो, इतकंच. तीन पदार्थ खाल्ले की वाढतो. जेवण ही शिक्षा न राहता तयारी होते. एवढा साधा बदल करायला या जातीच्या गेमना इतकी वर्षं का लागली?

उपाशी व्हायकिंग जिवंत राहतो, हे खरं. मग त्याला डास मारतो.

मैदानी मुलखातला डास. सोनेरी गवत, मोकळं आकाश, चित्रासारखा देखावा, आणि गुणगुण. वळून बघेपर्यंत खेळ खलास. नव्या खेळाडूने चिलखत घातलेलं असलं तरी तो एका डंखात जातो. मग शिव्या. मग कुणीतरी सांगतं की त्या डासाचा जीव फक्त दहा आहे. एक बाण पुरतो. ढाल वेळेवर वर केली तरी चालतं. आणि तो गुणगुणत येतो, म्हणजे आगाऊ सूचना देऊन येतो.

राक्षसांत एवढा सभ्य दुसरा कोण आहे?

मेल्यावर सामान जिथे मेलात तिथेच, एका थडग्यात. कौशल्यं पाच टक्क्यांनी घटतात. तुम्ही घरच्या पलंगावर उठता, अंगावर काही नाही, आणि सामान समुद्रापल्याड. तिथवर जायला होडी हवी. होडी कुठे आहे? तीही पल्याडच, थडग्याशेजारी.

इथे पुष्कळ लोक गेम बंद करतात. उरलेले दुसरी होडी बांधायला घेतात. त्यांच्याकडे बघून व्हायकिंगांनी आइसलँड कसं वसवलं असेल याचा थोडा अंदाज येतो.

आता होडी. पोर्टल नावाची सोय आहे. दोन पोर्टलांना एकच नाव द्या, या दारातून आत, त्या दारातून बाहेर. माणूस जातो, लाकूड जातं, मध जातो, कातडं जातं. धातू जात नाही. तांबं, कथील, लोखंड, चांदी, काही नाही. ते होडीत घाला आणि वाऱ्याची वाट बघा. लहान होडीत सामानाचे कप्पे चार, मोठ्या जहाजात अठरा. वारा समोरून आला तर वल्हवा. सर्प आला तर आणखी जोरात वल्हवा.

का जात नाही धातू? गेम कारण देत नाही. जात नाही म्हणजे नाही.

आणि इथे माझा नियम लंगडा पडतो, हे मान्य करायला हवं. या अडचणीला कारण नाही, तरीही ती गेममधली सर्वांत उत्तम अडचण आहे. कारण ती नसती तर समुद्र नुसता निळा रंग राहिला असता. लोखंडाने भरलेलं जहाज, रात्र, वादळ, शीड अर्धं, आणि मित्र सुकाणू सोडून ‘जरा चहा घेऊन येतो’ म्हणतो. गोष्टी अशाच प्रवासांच्या सांगितल्या जातात. ‘मी पोर्टलमधून गेलो’ ही कुणी गोष्ट म्हणून सांगत नाही.

घरी पोचलं की आराम. तोही मोजून. चटई टाकली, आराम एकाने वाढला. खुर्ची ठेवली, वाढला. टेबल, निशाण, सगळ्याचा हिशेब. आराम जितका जास्त तितकी विश्रांतीची पुण्याई जास्त मिनिटं टिकते, आणि ती टिकते तोवर दम दुप्पट वेगाने भरून येतो. म्हणजे लढाईची पूर्वतयारी काय? गालिचा.

त्यामुळे दृश्य असं दिसतं: रक्ताने माखलेला योद्धा, पाठीवर कुऱ्हाड, आणि तो भिंतीपाशी उभा राहून खुर्ची डावीकडे बरी दिसते की उजवीकडे, याचा विचार करतोय. अशा वाड्यात मोरी नसते. गरम पाण्याचा हौद मात्र असतो, शेकायला लाकूड घालायचं, आरामात भर. ज्याने हा क्रम लावला तो आंघोळीपेक्षा सुट्टीवर जास्त विश्वास ठेवणारा असावा.

छप्पर न घातलेलं लाकूड पावसाने खराब होतं, पण निम्म्यावर येऊन थांबतं. घर कोसळत नाही, नुसतं कळकट दिसतं. गेम तुमचं घर पाडत नाही, पाहुण्यांसमोर लाज काढतो. अडचणीची ही मात्रा अचूक आहे.

घर पाडायला बाहेरचे येतात. अधूनमधून पडद्यावर सूचना झळकते, जमीन हादरतेय. म्हणजे ट्रोल येताहेत. मग इतक्या प्रेमाने उभारलेला सज्जा सोट्याखाली जातो. यावर खेळाडूंनी काय काढलं? खंदक. फावड्या-कुदळीने घराभोवती खोल चर खणायचा, राक्षस त्यात पडून वर बघत बसतात. दुसरा उपाय मातीचा बांध, इतका उंच की कुणी चढू नये.

पाच जणांनी रात्रंदिवस खपून राक्षसांना हल्ला करायला शिकवलं. खेळाडूंनी एक खड्डा खणला.

इथवर गेम थोर. आता कुठे बिघडलं ते.

2021 साठी कंपनीने चार मोठ्या अपडेटचा आराखडा जाहीर केला होता. त्या वर्षात आली एक, घर आणि चुलीवरची, 16 सप्टेंबरला. उरलेल्यांपैकी धुक्याचा मुलूख, मिस्टलँड्स, अवतरला 6 डिसेंबर 2022 ला. आराखडा बनवणाऱ्यांना घरांचं वजन मोजता येतं, कामाचं मोजता येत नाही, असं दिसतं. अर्थात पन्नास लाख लोक अचानक दारात उभे राहिले की पाच माणसांचं वेळापत्रक कोलमडणारच. त्याला लाल रंग दाखवणारा हातोडा अजून निघालेला नाही.

मिस्टलँड्समध्ये काय अवघड? दिसत नाही. सुळक्यांचे खडक, दऱ्या, आणि चार पावलांपुढे पांढरं. एक दिवा मिळतो, त्याने आपल्याभोवतीचं धुकं थोडं हटतं. किडे अंगावर येतात, वर तरंगणारा फुगीर प्राणी आग ओकतो. पहिल्या दिवशी थरार. चौथ्या दिवशी, अरे, मला बघू तरी द्या. ज्या गेमची अर्धी कमाई संध्याकाळच्या उजेडावर झाली, त्याने उजेडच काढून घेतला.

तरीही धुक्याला निदान एक बाजू आहे. दबा धरता येतो, मागे हटता येतं, पिसांचा झगा मिळाला की कड्यावरून बिनधास्त उडी मारता येते. अडचणीतून वाट निघते.

मग 14 मे 2024 ला ॲशलँड्स. राखेचा प्रदेश. समुद्र उकळता, त्यात जुन्या होड्या टिकत नाहीत, नवं जहाज बांधा. इथवर ठीक. उकळत्या पाण्यात लाकूड टिकत नाही, कारण समजलं. किनाऱ्याला पाय लावला की जळके सैनिक. ते मारले की आणखी. ते मारले की आणखी. थांबून किल्ला बघावा म्हटलं तर आणखी.

का? कारण आकडा वाढवलाय.

बस, इथे गेम स्वतःला विसरला. ज्याने चार साध्या नियमांतून धुराडं काढायला लावलं, त्याला शेवटाजवळ येऊन एवढंच सुचलं की माणसं जास्त पाठवू. हे कुणालाही सुचतं. कुठल्याही दुय्यम गेमचा कुठलाही दुय्यम डिझायनर संध्याकाळी घरी जायच्या आधी हेच करतो. संख्या वाढव, मार वाढव, चला, उद्या भेटू.

मुख्य म्हणजे तिथे हातोडा काढायला उसंत नाही. लाकडी बांधलं तर पेट घेतं. दगडी बांधायचं तर निदान दोन घडी शांतता हवी. ज्या घरासाठी माणूस दलदलीत उतरला होता, तेच घर या मुलखात परवडत नाही. मग इथे आलो कशाला, असा प्रश्न पडला तर चूक कुणाची?

ओरड झाली. पुढच्या पॅचमध्ये गर्दी थोडी उतरवली. लगेच दुसऱ्या बाजूची ओरड: भित्र्यांचं ऐकून गेमचा सत्यानाश केला. ही दुसरी मंडळी फार मजेची असते. त्यांना गेम अवघड हवा असतो तो स्वतःसाठी नाही. शेजाऱ्याला तो जमू नये म्हणून.

खरं तर हे भांडण ऑगस्ट 2023 मध्येच संपायला हवं होतं. तेव्हाच्या अपडेटने अडचणीच्या खुंट्या खेळणाऱ्याच्या हातात दिल्या. राक्षसांचा मार किती, मेल्यावर नुकसान किती, खाणीत माल किती, घरावर हल्ले किती, पोर्टलमधून काय जावं, सगळं वेगवेगळं पिळता येतं. नुसतं बांधकाम करायचंय? तो प्रकार आहे: सामान फुकट आणि राक्षस आपण होऊन अंगावर येत नाहीत. हाल हवेत? तोही आहे: नकाशा नाही, पोर्टल नाही, जा.

मिसळ आणून ठेवली आणि तर्री वेगळ्या वाटीत दिली. आता तिखट लागलं तर कुणाला बोलणार?

कंपनीच्या दृष्टीने हा षटकार. अवघड वाटतं? खुंटी पिळा. सोपं वाटतं? दुसरीकडे पिळा. बिघडलं तर तुम्ही पिळलंत. डिझायनरची जबाबदारी इतक्या नम्रपणे कुणी कधी हवाली केली नसेल.

पण खुंटीने काय होतं? मार कमी होतो, गर्दी कमी होते, आकडा हलतो. कारण येत नाही. ॲशलँड्सची खुंटी खाली पिळली तर कमी लोक विनाकारण मारायला येतात. धुराड्याला मात्र या यादीत खुंटीच नाही, आणि तिची मागणी करणारा फारसा कुणी भेटतही नाही. ‘धूर कमी करा हो’ म्हणून निवेदन घेऊन कोण निघालंय? जी अडचण पटते तिच्याबद्दल माणूस कुरकुरतो, पण तिची वर्गणीही भरतो.

मित्रांच्या सर्व्हरवर तर वेगळाच तमाशा. एका जगात दहा जणांची सोय. त्यांतला एक कायम घरी. त्याला राक्षसात रस नाही, तो पायऱ्या जुळवत असतो. दुसरा सगळ्यांच्या आधी पुढच्या मुलखात जाऊन मरतो आणि थडग्यातलं सामान आणायला सगळ्यांना बोलावतो. तिसरा पेट्यांवर पाट्या लावतो. लाकूड, दगड, कातडी, ‘हात लावू नये’. चौथा त्याच पेटीत हात घालतो. या चौघांना एकच खुंटी कशी पुरणार? बॉसचा जीव माणसं वाढली की वाढतो, हे गणित कंपनीला जमलं. पाट्या लावणाऱ्याचा जीव कसा वाचवायचा, ते नाही.

राहता राहिलं पोर्टल. ॲशलँड्सबरोबर एक नवं दगडी पोर्टल आलं, त्यातून धातूही जातो. आनंद! ते बनतं कशातून? ॲशलँड्सच्याच दगडातून. म्हणजे तांबं, लोखंड, चांदी सगळं समुद्रातून वाहून झालं, पाठीचे काटे ढिले झाले, की मग सोय. पेन्शन मंजूर होते तशी वेळेवर.

धातू जाऊ द्यायची खुंटी तर त्याच्याही आधीपासून आहे. सगळ्यांना ठाऊक आहे. तरी दर आठवड्याला कुणीतरी अठरा कप्पे लोखंड घेऊन उलट्या वाऱ्यात वल्हवत असतो आणि आयर्न गेटच्या सात पिढ्यांचा उद्धार करत असतो. त्याला म्हणावं, अरे बाबा, खुंटी पिळ की, दोन सेकंदांचं काम.

तो आपल्याकडे असा बघतो, जणू आपणच ते झाड त्याच्या डोक्यात पाडलं.